पेनवाल्याच्या घरी बॉलपेन

एबोनाईटचा चुरा ज्याने झाडलाय त्यालाच माहीत, तो कधी संपत नाही. संध्याकाळी लेथखालून सूपभर काढावा, तर सकाळी तिथे परत मूठभर असतोच. डब्यातल्या पोळीला लागतो, वेणीत सापडतो, घरी जाऊन पर्स उघडली तर तिकिटाबरोबर बाहेर पडतो. आमच्या गाळ्यातल्या किश्श्यांचंही तेच. पाहुण्यांना एकच सांगायचा म्हणून बसते आणि एक झटकला की दुसरा पडतो. नवरा म्हणतो, "तू तिथे निबा बसवायला जायचीस की गप्पा मारायला?" अरे बाबा, दोन्ही! निब बसवताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळंच की!

तर आमचा गाळा वसई पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीत. एका बाजूला रेक्झिनच्या बॅगा शिवणारे, दुसऱ्या बाजूला बादल्यांच्या कड्या वाकवणारे, मधे आम्ही. मालक भास्करकाका. एबोनाईट म्हणजे गंधक घालून भाजून कडक केलेलं रबर. त्याच्या काळ्याभोर कांड्या यायच्या आणि काका अन् पास्कूदादा त्या लेथवर कातून एकेक पेन घडवायचे. ड्रॉपरने शाई भरायचं, जुन्या पद्धतीचं, जाडजूड पेन. पास्कूदादा वटार गावचे. सकाळी केळीच्या बागेला पाणी लावून सायकलवरून यायचे आणि लेथला हात लावण्याआधी छातीवर क्रूस काढायचे. मी एव्हरशाईन सिटी वसाहतीतली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर जवळच कुठेतरी चार तास काम मिळावं म्हणून गेले आणि तिथेच चिकटले. निब आणि तिच्याखालची जीभ बसवणं, पॉलिश तपासणं, फोन उचलणं ही माझी खाती.

आता काकांचं दुःख सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. काकांची बायको, आमच्या निर्मलाकाकू, प्राथमिक शाळेत बाई होत्या. दिवसभर लिहिण्याचंच काम. आणि लिहायच्या कशाने? बॉलपेनने! काकांनी त्यांच्यासाठी आजवर किती पेनं केली देव जाणे, पण काकूंनी एकाचंही टोपण उघडलं नाही. "हिने माझ्या पेनने एक ओळ लिहिली ना, की मी गाळा बंद करायला मोकळा," असं काका उठताबसता म्हणायचे. पास्कूदादांना ते खरंच वाटायचं. काकू दिसल्या की ते हळूच हात जोडायचे. "काकी, कदी लिवू नका हां! पोरं शिकतात माजी."

* * *

एबोनाईट कातायला लागलं की गंधकाचा वास सुटतो. जळकट, नाकात बसणारा. आम्हाला तो येईनासा झाला होता, पण बाकीच्यांना यायचा ना!

एकदा घरी परतले, लिफ्टने वर गेले आणि जरा वेळाने जिन्यात आरडाओरडा. "वायर जळतेय! कुणाच्या तरी घरी वायर जळतेय!" सेक्रेटरींनी मेन स्विच बंद केला. सगळी बिल्डिंग शॉर्ट सर्किट शोधायला बाहेर. मीही पदर खोचून निघाले, शेजारधर्म म्हणून. दुसऱ्या मजल्यावर गेलो, वास. तिसऱ्यावर गेलो, वास. सेक्रेटरी भिंतीला नाक लावून हुंगतायत, मी त्यांच्या मागे टॉर्च धरून उभी. चौथ्यावर तर सगळे म्हणाले, "इथे जास्त आहे!"

आमचा वॉचमन बराच वेळ नुसता बघत होता. शेवटी मला बाजूला घेऊन अदबीने म्हणाला, "मॅडम, आप नीचे गेट पे खडे रहो ना. बिल्डिंग ठीक हो जाएगी!"

* * *

काकांचा एक नियम होता. पेन ज्याच्या हातात जाणार, त्याने स्वतः यायचं, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचं आणि काकांसमोर लिहायचं. याला ते 'हात बघणं' म्हणायचे. कुणी दाबून लिहितं, कुणी उडत उडत लिहितं, कुणी पेन आडवं धरतं. हात बघितल्याशिवाय काका निबेला घासायचा दगड लावायचे नाहीत. "चपला पाय न बघता देतो का कोणी?" असा त्यांचा सवाल.

एक तरुण आला. नालासोपाऱ्याला राहणारा, नवीन नोकरी, शर्टाला कडक इस्त्री. होणाऱ्या सासऱ्यांना पेन भेट द्यायचं होतं. काका म्हणाले, "घेऊन ये त्यांना." तो म्हणाला, "काका, अजून त्यांचा होकार आला नाहीये." काका म्हणाले, "मग निबही बसणार नाही."

बिचारा पुढच्या रविवारी खरंच त्यांना घेऊन आला! सासरे दादरहून आलेले, गंभीर चेहरा, हातात छत्री. काकांनी स्टुलावर बसवलं, कागद पुढे ठेवला. "मनात येईल ते लिहा. विचार करू नका, हात मोकळा सोडा." सासऱ्यांनी हात मोकळा सोडला. छान वळणदार अक्षर. काका निब बघतायत आणि आम्ही मजकूर. लिहिलं होतं: 'मुलगा सरळ दिसतो. पण घर नालासोपाऱ्याला. पाण्याचे काय?'

मुलाने वाकून वाचलं, सासऱ्यांच्या हातून अदबीने पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'टँकर येतो.'

लग्न झालं. पत्रिका घेऊन सासरे-जावई दोघंही आले होते. आणि सासऱ्यांच्या खिशाला तेच पेन होतं.

* * *

एबोनाईटचं उन्हाशी वैर. काळंभोर पेन उन्हात राहिलं की हळूहळू शेवाळी, हिरवट होत जातं. आम्ही गिऱ्हाइकाला हे बजावून सांगायचो. घरच्या माणसाला कोण सांगणार?

पास्कूदादांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा काकांनी त्यांना एक खास पेन करून दिलं. पास्कूदादा ते शर्टाच्या खिशाला लावून बागेत जायला लागले. लिहायचं काही नसायचं, पण शेजारच्या वाडीतल्या माणसांना दिसायला हवं ना! पावसाळा गेला, हिवाळा गेला, मे महिना आला. एक दिवस ते गाळ्यात आले आणि पेन काकांसमोर टेबलावर ठेवलं. कच्च्या केळ्यासारखा रंग!

"भास्करशेट, मी जनमभर केली पिकवली," पास्कूदादा म्हणाले. "हिरवी असतात ती पिवली होतात, मग काली होतात. तुमचा पेन काला होता तो हिरवा झाला. हा उलटा पिकतोय!"

काकांनी पॉलिशच्या फिरत्या चाकावर, बफावर धरून वरचा थर काढून दिला, पेन पुन्हा काळं कुळकुळीत. पास्कूदादांनी ते रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवलं. त्यानंतर कुणाला दाखवायचं असलं की आधी झाडाखाली न्यायचे.

* * *

ड्रॉपरच्या पेनात आणखी एक खोड. शाई संपत आली की आत हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती हवा फुगते, शाईला ढकलते आणि टपकन एक थेंब कागदावर! पास्कूदादांच्या चर्चमधल्या फादरांकडे आमचं पेन होतं. त्यांनी एका बाळाच्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, नोंद करायला घेतली आणि बाळाच्या नावावर बरोबर वाटाण्याएवढा डाग पडला. फादर स्वतः गाळ्यात आले. रागावलेले नव्हते, पण काकांना फार लागलं.

काकांनी त्यांना बसवून सगळं समजावलं. "फादर, पेनात खोट नाही. ते अर्धं रिकामं ठेवू नका. भरलेलं पेन डाग पाडत नाही, अर्धं रिकामं पाडतं." फादरांनी मान डोलावली, "वा! वा!" म्हणाले, चहा घेतला आणि गेले.

सोमवारी पास्कूदादा आले ते फुगूनच. क्रूसही न काढता लेथ सुरू केली.

"काय झालं हो?"

"काल मिस्साला फादरनी प्रवचनात तुमचा पेन घेतला! भरलेला मानूस डाग पाडत नाय, अर्दा रिकामा मानूस डाग पाडतो. म्हनाले, हे मला भास्करशेटच्या कारखान्यात शिकायला मिलालं."

"मग चांगलंच झालं की!" काका खूश.

"का चांगलं? भास्करशेटच्या कारखान्यात काम करनारा चर्चमदे मी एकटाच. सगली लोकं वलून माज्याकडंच बघत होती!"

* * *

काका बॉलपेनला हात लावायचे नाहीत. म्हणजे अक्षरशः नाही. जेल पेनं आली, बाजार त्यांनी भरला, आमच्याकडची गिऱ्हाइकं निम्म्याने घटली, तरी नाही. कुरियरवाला पावतीवर सही मागायचा आणि दोरीला बांधलेलं आपलं बॉलपेन पुढे करायचा. काका ते बाजूला सारून खिशातलं स्वतःचं काढायचे, टोपण फिरवून उघडायचे आणि सावकाश सही करायचे. पण शाईचं पेन दाबता येत नाही. त्यामुळे कार्बनखालच्या कॉपीवर काही उमटायचंच नाही.

"काका, खालची कॉपी कोरीच आहे."

"मग दे ती." की दुसरी सही.

"काका, तिसरी पण आहे. ऑफिसची."

"दे." की तिसरी.

तो कुरियरवाला शेवटी एवढा कंटाळला, की आमच्या गाळ्यापुरता कार्बन काढूनच आणायला लागला!

आणि हा माणूस संध्याकाळी घरी जायचा, तर तिथे चहाच्या टेबलावर बॉलपेन, फोनजवळ बॉलपेन, कॅलेंडरच्या खिळ्याला दोरीने टांगलेलं बॉलपेन. एकदा मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते. काका सोफ्यावर बसले आणि टुणकन उठले. खाली लाल बॉलपेन! काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, मोडलं नाही ना? पेपर तपासायचेत."

* * *

दसऱ्याला आमच्याकडे दोन्ही लेथची पूजा व्हायची. पास्कूदादा आपल्या लेथला झेंडूचा हार स्वतः ओवून आणायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मशीनला कसला धरम? तिला टायमावर तेल पायजे." पूजा झाली की वर्षातल्या सगळ्यात चांगल्या पेनाने कागदावर सरस्वती काढायची, आणि तो मान काकूंचा. काका दरवर्षी महिनाभर आधीपासून त्या पेनाच्या मागे असायचे.

त्या वर्षीचं पेन तर बघत राहावं असं झालं होतं. तपकिरी आणि काळ्या लाटा असलेलं, हातात गार आणि गुळगुळीत. काकांनी शाई भरली, पुसलं, दोन्ही हातांवर ठेवून काकूंसमोर धरलं. काकू पाटावर बसल्या. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, पेनावरही अक्षता टाकल्या. मग पर्स उघडली, आपलं बॉलपेन काढलं आणि टकटक करून झकास सरस्वती काढली!

आम्ही हसलो. काकाही हसले, पण लगेच उठून पेढे वाटायला लागले. मला ते बरं वाटलं नाही. सगळे पांगल्यावर मी काकूंना म्हटलं, "काकू, एकदा लिहून टाका ना. त्यांना केवढं वाटतं."

काकूंनी माझ्यापुढे डावा हात धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढी वर्षं बघत होते, काकू डावऱ्या होत्या!

"आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. उजव्या माणसाचा हात पुढे पळतो आणि अक्षर मागे राहतं. माझा हात आधी लिहितो, मग त्यावरूनच फिरतो," त्या म्हणाल्या. "चौथीत पहिली आले म्हणून वडिलांनी शाईचं पेन आणलं. पहिल्या दिवशी सगळं पान फरफटलं, फ्रॉक निळा, हाताची कड निळी. मास्तरांनी त्याच कडेवर पट्टी मारली. घरी आले तर वडिलांनी हात बघितला, पेन काढून घेतलं आणि भावाला दिलं. म्हणाले, शाई हिच्या नशिबात नाही. तेव्हाच ठरवलं, नाही तर नाही! पुन्हा हात लावायचा नाही. आणि नशीब बघ, नवरा पेनवाला!"

"काकांना माहितीये हे?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलंय. तेव्हापासून एकच घोशा, तू स्टुलावर बस, मी तुझा हात बघतो. मी काय त्यांची गिऱ्हाईक आहे?"

* * *

त्यानंतरच्या थंडीत काकांना काहीतरी झालं.

आधी पास्कूदादांच्या लक्षात आलं. मला खुणेने लेथमागे बोलावून कुजबुजले, "बाय, शेटचा उजवा हात गेला."

"काहीतरीच! सकाळी आटे पाडले त्यांनी. टोपण कसं गरगर फिरलं बघा."

"आटे सवयीनं पडतात. लिवताना बघ."

मी बघितलं. काका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर डाव्या हाताने लिहीत होते. जीभ दातांत धरलेली, अक्षरं मुंग्या पळाल्यासारखी. चहाचा ग्लासही डाव्या हातात. कुरियरवाला आला, त्याला सहीसुद्धा डाव्या हाताने, आणि तीही तिन्ही कॉप्यांवर!

विचारायचं कसं? एवढा कर्ता माणूस, आणि हातावरच पोट. आम्ही न बोलता सेवा सुरू केली. मी त्यांचा डबा उघडून द्यायला लागले. पास्कूदादा एबोनाईटच्या कांड्या त्यांना उचलूच देईनात. शेजारच्या रेक्झिनवाल्याने गावाहून आणलेलं मालिशचं तेल दिलं. एक दिवस तर पास्कूदादांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी थेट काकांच्या तोंडाला लावली!

काकांनी बशी बाजूला केली. "काय चाललंय काय? माझा वाढदिवस आहे?"

मला रडूच फुटलं. "काका, तुमचा हात..."

"हाताला काय झालंय?" त्यांनी उजव्या हाताने टेबलावर असा काही गुद्दा मारला, की निबांचा डबा उलटला. सगळ्या निबा जमिनीवर! त्या वेचता वेचता काकांनी सांगितलं. खाली मान घालून, जणू चोरी पकडली गेलीय.

"डावा माणूस निब ओढत नाही, ढकलतो. मग ती कागदात रुतते. आणि शाई जरा जास्त सुटली की हात त्यावरून जातो. हे मला माहिती होतं, पण किती ढकलतो, कुठे रुततं, ते हात बघितल्याशिवाय कसं कळणार? घरी वर्तमानपत्राच्या आडून बघायचो, ती पेपर तपासते तेव्हा. तर म्हणते, असे काय टक लावून बघता या वयात!" काकांनी एक निब फुंकर मारून डब्यात टाकली. "ती काही स्टुलावर बसायची नाही. मग तिचा हात मलाच व्हायला नको?"

पास्कूदादा उठले, आपल्या लेथकडे गेले आणि उगाचच तेल घालत बसले. मी निबा मोजल्यासारखं केलं. नवऱ्याचा रागच आला मला त्या दिवशी, काही कारण नसताना.

* * *

आता शेवटचा.

काकांच्या हाताची बातमी आम्ही परत घ्यायला विसरलो. पास्कूदादांनी आधीच चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती आणि त्यांच्या बायकोने, मेरीवहिनींनी, बाजारात केळी विकताना चार जणींना कळवलं होतं. त्यातली एक काकूंच्या शाळेतली बाई निघाली. तिने मधल्या सुट्टीत काकूंचा हात हातात घेऊन म्हटलं, "धीर धरा हो."

दुपारी गाळ्यासमोर रिक्षा थांबली. काकू उतरल्या. साडीला खडूची पूड, चेहरा पांढराफटक. आत आल्या त्या सरळ काकांसमोर.

"हात!"

"कुठला?" काका उभेच राहिले.

"दोन्ही!"

काकांनी नखं तपासायला पुढे करावेत तसे दोन्ही हात पुढे केले. काकूंनी उजवा हात धरला, एकेक बोट दाबलं, मनगट वळवून बघितलं. "दुखतं? मुंग्या येतात? मूठ करा. उघडा. परत करा." काका मुकाट्याने मूठ करतायत, उघडतायत.

"हाताला काही झालेलं नाही अगं."

"मग मला घरात एक शब्द न सांगता इथे डाव्या हाताने काय लिहिता? सगळ्या बाजाराला माहिती आणि मला नाही?"

काका कानापर्यंत लाल झालेले. मी तर तोंडच उघडणार नव्हते. शेवटी पास्कूदादांनी लेथ बंद केली.

"काकी, शेट तुमचा हात शिकतात."

काकूंना कळायला जरा वेळ लागला. त्यांनी टेबलाकडे बघितलं. टेबलावर ती कॅलेंडरची पानं पडली होती, वेडीवाकडी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फरफटलेली. काकांच्या डाव्या हाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत निळी होती. काकूंनी तो हात पुन्हा उचलला आणि कितीतरी वेळ ती निळी कड नुसती बघत राहिल्या.

मग त्या खिडकीजवळ गेल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. "द्या."

काकांनी ड्रॉवरमधून पेन काढलं. साधं, काळं, बिनक्लिपचं. निब सगळ्या बाजूंनी गोल घासलेली, जिभेची खाच बारीक ठेवून शाई सोडण्यात कंजूष केलेली. शाई भरताना त्यांच्या हातून दोन थेंब सांडले. एवढ्या वर्षांत मी तसं कधी बघितलं नव्हतं. शेजारी बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.

काकूंनी पेन डाव्या हातात धरलं, निब कागदावर टेकवली आणि थांबल्या. वाटलं, आता उठणार. पण मग त्यांनी क काढला. ख काढला. पहिलीतल्या मुलीसारखी एकेक अक्षर लावत, न बोलता, न थांबता निघाल्या. हात अक्षरांवरून फिरत होता आणि अक्षरं जागच्या जागी राहत होती. ज्ञ आला. काकूंनी पेन ठेवलं आणि हात उलटा करून कड बघितली.

स्वच्छ. एक ठिपकासुद्धा नाही.

काका स्टुलाशी उभे होते. काकू त्या कोऱ्या कडेकडे बघतच राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "थोडी तरी लागू द्यायची होतीत! शाळेत कुणाला खरं वाटेल, मी शाईने लिहिलं म्हणून?"

काकांनी दौतीतला ड्रॉपर उचलला. काकूंचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि करंगळीखाली, बरोबर कडेवर, निळ्या शाईचा एक थेंब ठेवला. पास्कूदादांनी आणि मी एकदम दाराकडे तोंड केलं.

काकूंनी तो थेंब फुंकर घालून वाळवला. मग चहा मागवला. आणि हात न धुताच, डाव्या हाताने घेतला.